जुन्या दोऱ्यांवरची उडी

अनोळखी माणसाला पोटाशी बांधायचं आणि विमानातून उडी मारायची, हा माझा धंदा आहे. अकोल्यात कुणी विचारलं तर बाबा एवढंच सांगतात, "ती ट्रेनिंगमध्ये असते." ऐकणाऱ्याला वाटतं, बी.एड. कॉलेजात असेल. बाबा ते दुरुस्त करत नाहीत आणि मीही करत नाही. खरं सांगितलं की पुढचा अर्धा तास "भीती नाही वाटत?" आणि "लग्न?" या दोन प्रश्नांत जातो.

बाबा अकोल्याच्या कोर्टात दिवाणी वकील. आई शाळेत गणित शिकवायची. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. आमच्या घरात उंचीवर चढायची हौस कुणालाच नव्हती. मला ती कॉलेजात एनसीसीमुळे लागली. कॅडेट म्हणून आग्र्याला पॅराशूटच्या उड्यांसाठी निवड झाली, तेव्हा घरी एक फॉर्म आला. काही झालं तर जबाबदार कोण, असा तो कागद. आईने सही करून टाकली. बाबांनी तो दोन दिवस ठेवून घेतला आणि लाल पेनाने त्यात तीन ठिकाणी भाषा सुधारून दिली. "हा कागद कोर्टात टिकणार नाही," म्हणाले आणि मग सही केली. आग्र्याला आमच्या अधिकाऱ्याने तो लाल शाईचा फॉर्म पाहिला आणि मला विचारलं, "तुम्हारे घर में मास्टर है या वकील?" मी म्हटलं, "दोन्ही."

तिथे पाच उड्या झाल्या. पुढे नोकरी केली, सोडली, परदेशात दोन वर्षं राहून शिकले. आधी एकटीने उडायला, मग दुसऱ्याला शिकवायला, मग दुसऱ्याला बांधून घेऊन उडायला. या शेवटच्या प्रकाराला टँडेम म्हणतात. एक मोठी छत्री आणि तिच्याखाली दोघं. पाहुणा पुढे आणि मी मागे. सोबत आणखी एक परीक्षा दिली. पॅराशूट तपासायची, शिवायची, दोऱ्या बदलायच्या आणि राखीव छत्रीची घडी घालून ती सीलबंद करायची परीक्षा. ते काम मला उडीपेक्षाही आवडायचं, कारण ते एकटीने बसून करता येतं.

साधन निवडण्यात मी एकदा चुकले होते. उमेदीच्या दिवसांत सगळ्यांसारखी मलाही लहान छत्रीची घाई झाली. छत्री जितकी लहान, तितकी ती वेगाने जाते आणि उतरताना तितकी कमी माफ करते. माझ्या शिक्षिकेने सांगितलं होतं, "अजून शंभर उड्या मोठ्या छत्रीवर कर." मी हो म्हटलं आणि पुढच्याच महिन्यात लहान छत्री घेतली. अकराव्या उडीला वळण जमिनीच्या फार जवळ घेतलं आणि घोटा मोडला. अकोल्याला येऊन तीन महिने दिवाणावर पडून होते. आई शाळेतून आली की गरम पाण्याची पिशवी द्यायची. बाबा कोर्टातून आले की एकच प्रश्न विचारायचे, "तुला सांगितलं होतं का नव्हतं?" मी म्हणायचे, "होतं." तेव्हापासून माझी स्वतःची छत्री मोठी आहे. बरोबरचे लोक तिला तंबू म्हणतात.

भारतात या कामाला एक जागा नसते. कुठे धावपट्टी मिळाली, परवानगी मिळाली, हवा चांगली असली की तिथे दोन-तीन महिने छावणी लागते. मग सामान बांधायचं आणि पुढे जायचं. राजस्थानच्या कडेला, मध्य प्रदेशात, दक्षिणेत. प्रत्येक ठिकाणी एक खोली, एक डबा देणारी बाई, एक गॅसची शेगडी. तीन हिवाळ्यांत मी पाच गावांत राहिले आणि एकाही गावात शेजाऱ्याचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं.

म्हणून अमरावतीजवळ छावणी लागणार असं कळलं, तेव्हा मला फार आनंद झाला. वाटलं, आता आपल्या भाषेत भांडता येईल. अकोला शंभर किलोमीटरवर. दर सोमवारी घरी जाता येईल.

शहराबाहेर, भातकुलीच्या अंगाला एक लहान धावपट्टी होती. भोवती कपाशी, तूर, हरभरा. छावणीत आम्ही चौघं. पायलट, दोन प्रशिक्षक आणि आमचे प्रमुख. प्रमुख फौजेतून निवृत्त झालेले, हिंदी बोलणारे, कमी बोलणारे. पायलट आणि दुसरा प्रशिक्षक दोघं एकाच गावचे. ते एकत्र खोली घेऊन राहिले. मी शहरात एका रिटायर्ड पोस्टमास्तरांच्या घरी वरची खोली घेतली.

शनिवार-रविवारी गर्दी व्हायची. नागपूरहून, अकोल्याहून, यवतमाळहून लोक यायचे. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पैज. मी एकेकाला हार्नेस घालायचे, पट्टे आवळायचे, विमानात त्याच्या पाठीला छाती लावून अगदी चिकटून बसायचे. त्याच्या छातीची धडधड मला माझ्या छातीत लागायची. उडी, पडणं, छत्री, उतरणं. उतरलं की तो मला मिठी मारायचा. काही जण रडायचे. "तुम्हाला आयुष्यभर विसरणार नाही," असं म्हणायचे आणि खरंच म्हणायचे. मग पट्टे सुटायचे, त्यांची माणसं धावत यायची, फोटो व्हायचे. मी त्या फोटोत मागे असते, चष्मा लावलेली, तोंड उघडं, कुणाच्या तरी खांद्यावरून डोकावणारी. विदर्भातल्या कितीतरी दिवाणखान्यांत मी अशी लटकलेली असेन.

सोमवार ते शुक्रवार कुणी नाही. सुरुवातीला दोन सोमवार अकोल्याला गेले. बाबा अकरा वाजता कोर्टात जायचे. मी घरात बसायचे, आईचं कपाट उघडायचे, बंद करायचे. संध्याकाळी ते आले की आम्ही टीव्हीसमोर जेवायचो. तिसऱ्या सोमवारी मी गेले नाही. बाबांनीही "का आली नाहीस?" असं विचारलं नाही. मग खोलीतच राहायला लागले. सकाळी धावपट्टीवर जाऊन छत्र्या पसरायच्या, धूळ झटकायची, दोऱ्या बोटांतून फिरवायच्या. आपल्या भाषेच्या मुलखात येऊनही मी दिवसच्या दिवस बोलत नव्हते, हे एकदा दुकानात दही मागताना लक्षात आलं. आवाज फुटेचना.

आमच्याकडे टँडेमचे दोन संच होते. एक नवा, एक जुना. जुन्याची राखीव छत्री उत्तम होती. ती मीच घडी करून सील केली होती. त्याच्या मुख्य छत्रीचं कापडही चांगलं होतं. पण दोऱ्या थकल्या होत्या. काळ्या मातीची धूळ बारीक असते. ती दोरीच्या विणीत शिरते, आणि प्रत्येक वेळी छत्री उघडताना दोरी घासली जाते. डाव्या हाताने छत्री वळवायची जी दोरी असते, तिच्यावर बोट फिरवलं की लव आल्यासारखं लागायचं. जुन्या स्वेटरच्या बाहीसारखं. तसं झालं की दोऱ्या एकमेकींना धरतात.

डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी प्रमुखांनी मला विचारलं, "पुराना वाला चलेगा?"

रविवारची सगळी नोंदणी भरलेली होती. नव्या दोऱ्यांचा संच मागवला होता, यायचा होता. मी पुन्हा बोट फिरवलं.

"कल तक चलेगा," मी म्हटलं. "सोमवार से बंद."

त्यांनी माझ्या शब्दावर मान डोलावली. त्या छावणीत दोऱ्यांबाबत शेवटचा शब्द माझाच होता.

रविवारी तिसऱ्या खेपेला माझ्या वाट्याला एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. वय बासष्ट, सडपातळ, केस आवळून बांधलेले. अमरावतीतच राहणाऱ्या. एकट्याच रिक्षाने आल्या होत्या. त्यांच्या बरोबर कुणी नाही हे पाहून मी विचारलं, "घरचे येताहेत का मागून?"

"मुलगा पुण्याला असतो. त्याला सांगितलं नाही."

"का?"

"सांगितलं असतं तर त्याने समजावलं असतं. मला आता कुणी समजावायला नको आहे."

त्या खुर्चीवर बसून फॉर्म पूर्ण वाचत होत्या. सगळी पानं. तसं वाचणारी त्या हंगामातली ती एकच व्यक्ती. एका जागी त्यांनी विचारलं, "साधनं सुस्थितीत असल्याची खात्री प्रशिक्षकाने केली आहे, असं लिहिलंय. म्हणजे तुम्ही?"

"हो. मीच."

त्यांनी सही केली. शाळेतल्या बाईंची सही असते तशीच, शेवटचं अक्षर पूर्ण असलेली.

विमानात वर जायला अर्धा तास लागतो. त्या खिडकीतून बघत राहिल्या. खाली चौकोन, काळे आणि हिरवे. "तिकडे तिवसा असेल," त्या म्हणाल्या. "माझी पहिली नोकरी तिवस्याला होती. एसटीने जायचे." दहा हजार फुटांवर दार उघडलं, थंड हवा आत घुसली. मी त्यांचे चारही हूक पुन्हा एकदा हाताने तपासले आणि त्यांच्या कानाशी ओरडले, "पाय मागे, मान माझ्या खांद्यावर!" त्यांनी अगदी शिकवलं तसं केलं.

पडणं चांगलं झालं. त्या ओरडल्या नाहीत. हात पसरून राहिल्या. साडेपाच हजारावर मी छत्री उघडली. नेहमीचा झटका बसला, वर बघितलं आणि डावा कोपरा दुमडलेला दिसला.

वळवायची डावी दोरी शेजारच्या दोरीत अडकून घट्ट बसली होती. गाठीसारखी. छत्रीचा तेवढा भाग उघडत नव्हता आणि आम्ही डावीकडे फिरायला लागलो होतो. आधी सावकाश, मग जोरात. मी वळवायच्या दोन्ही दोऱ्या खाली ओढल्या, सोडल्या. पुन्हा ओढल्या. तीनदा. गाठ सुटली नाही. मनगटावरचा उंचीचा काटा चार हजारांच्या खाली गेला होता. पाय आडवे व्हायला लागले होते, इतके आम्ही गरगरत होतो.

त्या क्षणी भीती वाटली का, असं लोक विचारतात. वाटायला वेळ नव्हता. एक गोष्ट मात्र नक्की आठवते. मनात स्पष्ट शब्द आले होते, बोट फिरवलं होतं ना तू.

"बाई, पाय वर घ्या! आपण ही छत्री सोडतोय! दुसरी आहे!"

"बरं!" त्या म्हणाल्या. बरं, असंच.

उजव्या हाताने सोडायचं हँडल ओढलं. आम्ही पुन्हा पडायला लागलो. डाव्या हाताने राखीव छत्रीचं हँडल. एक, दोन, आणि मग झटका. वर पांढरी, चौकोनी, पूर्ण उघडलेली छत्री. मीच तिला महिन्यापूर्वी जमिनीवर गुडघे टेकून घडी घातली होती.

धावपट्टीपर्यंत पोचणं आता शक्य नव्हतं. हरभऱ्याचं एक मोकळं शेत बघून मी तिथे उतरवलं. आम्ही दोघी ढुंगणावर घसरत थांबलो. हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब हातांना लागली. मी हूक सोडले, त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि विचारलं, "कुठे लागलं का?"

त्या हसत होत्या. चष्मा वर करून डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. "दोन छत्र्या! दुसरीही कार्यक्रमातच होती का?"

"नाही, बाई. पहिली बिघडली होती."

"मग तर मला फारच मिळालं की," त्या म्हणाल्या आणि माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. आमची जीप येईपर्यंत सोडला नाही. कुणी इतका वेळ माझा हात धरला, याला किती दिवस झाले होते ते मी मोजायला गेले आणि मोजता आलं नाही.

जीपने आम्ही धावपट्टीवर आलो. त्या रिक्षा बोलावून घरी गेल्या. त्या दिवसाच्या राहिलेल्या खेपा नव्या संचावर, दुसऱ्या प्रशिक्षकाने केल्या. प्रमुखांनी मला एवढंच म्हटलं, "पहले छतरी ढूंढो. फिर बात."

सोडलेली छत्री वाऱ्याबरोबर जाते. रिकामी असल्यामुळे दूर जाते. सोमवारी मी भाड्याची स्कूटर घेऊन भातकुलीच्या बाजूला निघाले. शेतात, बांधावर, टपरीवर विचारत फिरले. "निळी-पिवळी मोठी कापडाची छत्री, आकाशातून पडलेली." लोक माझ्याकडे बघायचे आणि मग आकाशाकडे बघायचे. एकाने विचारलं, "निवडनुकीचं होय काय?" सोमवार गेला. मंगळवारी आभाळ आलं, संध्याकाळी भुरभुर पाऊस पडला. मी खोलीत बसून पत्र्यावरचा आवाज ऐकला. ओल्या मातीत पडलेली छत्री डोळ्यांसमोर यायची.

बुधवारी दुपारी एका शेताच्या कडेला मला ती दिसली. खळ्यावर तुरीची गंजी होती, दोन पुरुष उंच. तिच्यावर आमची छत्री पांघरली होती, निळी बाजू वर. दोऱ्या चारी बाजूंनी ताणून दगडांना गुंडाळल्या होत्या. जवळ एक बाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, पन्नाशीची, आणि तिचा नवरा बैलाच्या गोठ्यापाशी काही ठोकत होता.

मी स्कूटर लावली. ती बाई उठलीच नाही. बसल्या बसल्या म्हणाली, "तुमचं होय काय व हे?"

"हो."

"मले वाटलंच कोनीतरी येईन म्हनून. रयवारी मी कापूस येचून राहिली होती, अन् वरून हे आलं. मी म्हटलं, मानूसबी आहे का काय याच्यात! समदं चाचपून पाह्यलं. मानूस नाई सापडला तवा जीवात जीव आला."

"माणूस दुसऱ्या छत्रीने उतरला," मी म्हटलं. "मीच होते. अजून एक बाई होत्या."

तिने शेंगा खाली ठेवल्या. नवऱ्याला हाक मारली. "अवं, आयकलं का? हे बाई होत्या वर!"

नवरा आला. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि ओशाळून म्हणाला, "आभाळ आलं म्हनून गंजीवर टाकलं, बाई. तूर भिजली असती. फाटलं तर नाई कुठी."

"दोऱ्या लय लांब होत्या, हा म्हने कापू," ती म्हणाली. "मी नाई म्हटलं. कोनाची तरी अमानत होय, आपन कायले कापाव?"

मी गंजीभोवती फिरले. कापडाला एक काटा लागला नव्हता. मी दगडांवरून एकेक दोरी सोडायला लागले, तर नवरा प्लास्टिकची ताडपत्री घेऊन आला आणि आम्ही तिघांनी मिळून छत्री काढली, ताडपत्री घातली. ती बाई छत्रीची एक बाजू धरून झटकत होती. मी सांगण्याआधीच तिने कडा कडेला लावली आणि घडी घालायला घेतली. पातळाची घालतात तशी. ती पद्धत चूक होती, पण मी थांबवलं नाही.

मग तिने जेवायला बसवलं. नाही म्हणायची सोयच नव्हती. ताट समोर आलं. ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्यांची भाजी, कांदा. गरम. मी दोन भाकरी खाल्ल्या. ती समोर बसून बघत होती.

"उडी मारतांनी कोन असते तुमच्यासंग?"

"जो आला असेल तो. रोज नवीन."

"अन् उतरल्यावर?"

"तो घरी जातो."

"मंग तुमी?"

"मी खोलीवर जाते."

"एकल्याच?"

"हो."

तिने डब्यातून तिसरी भाकर काढून ताटात टाकली. मी खाली बघून खाल्ली. निघताना तिने सोल्यांची पिशवी दिली. घेतली. खोलीवर शेगडी होती, पण एवढे सोले एकटीला किती दिवस पुरतील याचा अंदाज आला नाही. अर्धे पोस्टमास्तरांकडे दिले.

गुरुवारी सकाळी हँगरमध्ये छत्री पसरली. दोऱ्या भिजून सुकल्या होत्या, तरी गाठ तशीच होती. चिमट्याने सोडवायला दहा मिनिटं लागली. दोन्ही दोऱ्यांना तिथे लव होती. शनिवारी मी बोट फिरवलं होतं, अगदी तीच जागा. तिथेच बसून मी बाबांना फोन लावला. ते कोर्टात निघायच्या तयारीत असणार.

मी सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"किती माहीत होतं?"

"बदलायला पाहिजेत एवढं. असं होईल हे नाही."

"त्या बाईंना सांगितलंस?"

"पहिली बिघडली एवढं सांगितलं. का बिघडली ते नाही."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बसले असावेत. "मला वकील म्हणून विचारत असशील तर त्या बाईंना फोन करू नको. त्यांना काही लागलेलं नाही, तक्रार नाही, विषय संपला."

"आणि वकील नसाल तर?"

मग म्हणाले, "तुझी आई असती तर तिने तुला घेऊन त्यांच्या घरी नेलं असतं." आणि, "चल, मला उशीर होतोय."

मी आधी प्रमुखांना सांगितलं. ते ऐकत उभे राहिले. "पूछा मैंने था, बोला तुमने था," ते म्हणाले. "गलती आधी आधी." त्यांनी माझं टँडेम ही छावणी उठेपर्यंत बंद केलं. जुन्या संचावर लाल चिंधी बांधली.

मग बाईंना फोन केला. त्या आनंदात होत्या. मुलाला शेवटी सांगितलं म्हणाल्या, तो चिडला म्हणाल्या, शेजारणींना फोटो दाखवला म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, एक सांगायचं राहिलं," आणि सांगितलं. दोऱ्यांचं, शनिवारचं, "कल तक चलेगा" हे सुद्धा.

त्यांचा आवाज बदलला. शाळेतला झाला असावा.

"म्हणजे तुम्हाला शनिवारी माहीत होतं."

"हो."

"मला रविवारी सही करताना माहीत नव्हतं. आणि मी विचारलं होतं."

"हो, बाई."

"हे बरोबर नाही."

"नाही."

"मी ती उडी फार जपून ठेवली होती," त्या म्हणाल्या. "आता आठवली की हेही आठवेल. फोन ठेवते."

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही, मीही केला नाही. खरं सांगून मला हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्या खोलीत आधी मी एकटी होते, आता त्या फोनसह एकटी होते.

जानेवारीत नव्या दोऱ्या आल्या. टँडेमच्या छत्रीच्या दोऱ्या बदलायला लांब, स्वच्छ जमीन लागते आणि हँगरमध्ये धूळ. मी सगळं बांधून अकोल्याला घेऊन गेले. बाबांनी दार उघडलं, बोचकं पाहिलं, म्हणाले, "किती जागा लागेल?"

"दिवाणखाना आणि व्हरांडा. चार दिवस."

त्यांनी सोफा भिंतीला लावला, टीपॉय उचलून आत नेला. पहिल्या दिवशी ते कोर्टातून येऊन नुसते बघत होते. दुसऱ्या दिवशी विचारलं, "दुसरं टोक कुणी धरत नाही का?"

"खिळ्याला अडकवते."

"खिळा ढिला आहे तो," ते म्हणाले आणि चप्पल काढून व्हरांड्याच्या टोकाला स्टुलावर बसले. मी एकेक दोरी लावायचे, लांबी मोजायचे, सांगायचे. ते टोक धरायचे आणि वकिली अक्षरात कागदाच्या चिठ्ठीवर क्रमांक लिहून दोरीला बांधायचे. अ-एक, अ-दोन. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुट्टी टाकली. मला आठवतं तसं, आईच्या आजारपणानंतर पहिल्यांदाच. दिवसभर हेच. "धरलं?" "धरलं." "सोडा." एकदा त्यांनी एक जुनी, काढलेली दोरी उचलली, अंगठ्याखालून फिरवली, त्या लव आलेल्या जागी थांबले आणि खाली ठेवली.

चौथ्या दिवशी काम संपलं. छत्री पिशवीत गेली. दिवाणखान्याची जमीन एकदम मोठी दिसायला लागली. बाबांनी सोफा परत ओढला नाही. "राहू दे थोडे दिवस," म्हणाले.

"आता पुढे कुठे?" त्यांनी विचारलं.

"फेब्रुवारीत राजस्थानकडे."

"किती दिवस?"

"दोन महिने. जास्तही."

"हं," म्हणाले. मग फाइल घेऊन बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन वरणभात लावला.

राजस्थानच्या छावणीत माझं टँडेम पुन्हा सुरू झालं. पहिल्या सकाळी अकरा जण आले होते, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर फॉर्म घेऊन बसलेले. मी दोन्ही संच त्यांच्यासमोर ताडपत्रीवर उघडून ठेवले. आतापर्यंत मी असं कधी केलं नव्हतं; कुणीच करत नाही. कुठल्या दोऱ्या नव्या, कुठल्या किती उड्या झालेल्या, कुठलं कापड कुठे शिवलेलं, सगळं दाखवलं. हात लावून बघा म्हटलं. प्रमुख लांबून बघत होते, तोंड वाकडं करून.

एक जोडपं आपसांत कुजबुजलं आणि उठून गेलं. त्यांची गाडी धूळ उडवत फाटकातून बाहेर पडली. बाकीच्यांपैकी काहींनी दोऱ्यांना हात लावला, काहींनी फोनवर फोटो काढले. एका मुलीने विचारलं, "इससे पहले कभी कुछ हुआ है?"

"हाँ," मी म्हटलं, आणि बसून सगळं सांगितलं. त्याला वीस मिनिटं लागली. पहिली खेप उशिरा निघाली.